राखीव प्रतींचे धोरण आणि वारंवार येणाऱ्या त्रुटी : ई-प्रशासनातील एक दुर्लक्षित प्रकरण

राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला केंद्र सरकारने मे २००६ मध्ये मंजुरी दिली. राज्यव्यापी संगणक जाळे, राज्य डेटा केंद्रे आणि सामायिक सेवा केंद्रे हे या योजनेचे तीन आधारस्तंभ होत, हे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पुढे २०१५ मध्ये डिजिटल इंडिया कार्यक्रम सुरू झाला आणि भूमी अभिलेख, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, जन्म-मृत्यू नोंदणी, रुग्णालयातील केसपेपर अशा असंख्य नोंदी कागदावरून संगणकात गेल्या. या स्थित्यंतराच्या लाभांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या सर्व्हरवर नागरिकाची नोंद आहे तो उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर ती नोंद कोठून परत आणावयाची? दप्तरखान्यातील कागद ओल येऊन, वाळवी लागून वर्षानुवर्षे नष्ट होत जातो आणि त्याचा काही भाग तरी वाचवता येतो. संगणकीय नोंदीला अशी सवलत नसते.

दक्षिण कोरिया हा ई-प्रशासनात अग्रेसर मानला जाणारा देश. तेथील डेजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या डेटा केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. ७०९ शासकीय संगणक प्रणाली बंद पडल्या वा बंद कराव्या लागल्या. त्यांपैकी बहुसंख्य पुढे टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाल्या. परंतु शासकीय अधिकाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवावयाची, तो ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा ८५८ टेराबाइटचा साठा पूर्णपणे नष्ट झाला. सुमारे १,२५,००० अधिकारी त्याचा वापर करीत होते. त्याची राखीव प्रत केंद्राबाहेर कोठेही नव्हती. साठ्याचा आकार फार मोठा असल्यामुळे बाहेर प्रत ठेवणे शक्य झाले नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले. म्हणजे आग अपघाताने लागली असली तरी जी-ड्राइव्हची प्रत ठेवावयाची नाही हे त्याआधीच ठरून गेलेले होते.

या लेखाचा विषय हा ‘ठरून गेलेला’ भाग आहे. राखीव प्रती घेणाऱ्या संगणक प्रणालीत, म्हणजेच बॅकअप सर्व्हरमध्ये, काय राखावयाचे, किती प्रती ठेवावयाच्या आणि किती दिवस ठेवावयाच्या याचे नियम नोंदवलेले असतात. त्या नियमसंचाला त्या क्षेत्रात ‘पॉलिसी’ म्हणजे धोरण असेच नाव आहे आणि ते समर्पक आहे. त्यातील प्रत्येक आकडा हा वस्तुतः प्रशासकीय निर्णय असतो. प्रशासनाने तो घेतला नाही, तर सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीने मुळात घालून दिलेला आकडा त्याची जागा घेतो. सर्व्हरच्या नोंदवहीत दररोज उमटणाऱ्या धोरणविषयक त्रुटी बहुतांशी या न घेतलेल्या निर्णयांच्या खुणा असतात.

दोन मापे

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ, कारण परीक्षेत त्यांची हटकून गल्लत होते. आपत्तीनंतर जास्तीत जास्त किती काळातील नोंदी गमावणे आपण सोसू शकतो, हे सांगणारे माप म्हणजे पुनर्प्राप्ती बिंदू उद्दिष्ट, संक्षेपाने आरपीओ. सेवा किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे, हे सांगणारे माप म्हणजे पुनर्प्राप्ती काल उद्दिष्ट, संक्षेपाने आरटीओ. (वाहन परवान्याच्या कार्यालयाशी याचा संबंध नाही!) पहिले माप मागे पाहते, दुसरे पुढे. रात्री एकदाच प्रत घेणाऱ्या कार्यालयाने पंधरा मिनिटांचा आरपीओ कागदावर लिहिला असेल, तर तो कागदावरच राहणार. संध्याकाळी यंत्र बंद पडल्यास संपूर्ण दिवसाच्या नोंदी जातील.

मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरण येथे उपयोगी पडते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता या बाजारातील व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. आपत्कालीन पर्यायी केंद्र उपलब्ध असतानाही व्यवहार तिकडे हलविण्यात आले नव्हते. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ घोषित करावी, घोषणेपासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू व्हावे आणि १५ मिनिटांपेक्षा अधिक काळातील माहिती गमावली जाऊ नये, असे त्यात ठरविण्यात आले. यातील पहिला आकडा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. तो यंत्रासाठी नाही, अधिकाऱ्यासाठी आहे. आपत्ती आली आहे हे मान्य करण्यास माणसे उशीर लावतात, हे नियामकाने ओळखले आणि त्या विलंबालाच मर्यादा घातली.

धोरणाची अंतर्गत रचना

बॅकअप सर्व्हरच्या अनेक प्रणाली बाजारात आहेत. त्यांचे तपशील भिन्न असले तरी रचनेचे तत्त्व सारखे असते. उदाहरणादाखल आयबीएम कंपनीची प्रणाली घेऊ. ती दीर्घकाळ टिव्होली स्टोरेज मॅनेजर या नावाने ओळखली जात होती. पुढे तिचे नाव स्पेक्ट्रम प्रोटेक्ट आणि त्यानंतर स्टोरेज प्रोटेक्ट असे झाले. मोठ्या संस्थांत ती अनेक वर्षे वापरात आहे आणि तिच्यातील धोरणाची मांडणी इतकी रेखीव आहे की अभ्यासाला ती सोयीची पडते.

या मांडणीत चार पायऱ्या आहेत. सर्वांत वर ‘पॉलिसी डोमेन’, म्हणजे धोरणक्षेत्र. समान स्वरूपाचे नियम लागू असलेली यंत्रे एका क्षेत्रात येतात. क्षेत्राच्या आत एक वा अधिक ‘पॉलिसी सेट’, म्हणजे धोरणसंच असतात. पण एका वेळी त्यांतील एकच संच लागू असतो. संचाच्या आत ‘मॅनेजमेंट क्लास’, म्हणजे व्यवस्थापन वर्ग. ज्याप्रमाणे सरकारी कार्यालयात धारिकांचे कायमस्वरूपी, दीर्घकालीन, अल्पकालीन असे वर्ग पाडले जातात, त्याच प्रकारचे हे वर्ग होत. त्यांतील एक वर्ग ‘डिफॉल्ट’ म्हणजे मूळ वर्ग ठरवावा लागतो. ज्या फाइलसाठी काहीच सांगितलेले नाही ती या वर्गात जाते. आणि प्रत्येक वर्गाच्या आत ‘कॉपी ग्रुप’. प्रती किती, किती दिवस आणि कोणत्या साठ्यात, हे प्रत्यक्षात येथे लिहिलेले असते.

कंपनीने घालून दिलेले मूळ आकडे पाहण्याजोगे आहेत. फाइल यंत्रावर अस्तित्वात असेल तर तिच्या २ आवृत्त्या ठेवल्या जातात. ती यंत्रावरून पुसली गेली तर १ आवृत्ती राहते. अधिकची जुनी आवृत्ती ३० दिवसांनी, तर पुसलेल्या फाइलची अखेरची आवृत्ती ६० दिवसांनी काढून टाकली जाते. आता एक काल्पनिक कार्यालय डोळ्यांसमोर आणा. तेथे एक नोंदवही दररोज अद्ययावत होते आणि दररोज रात्री तिची प्रत घेतली जाते. सोमवारी दिवसा कोणाच्या तरी चुकीने तिच्यातील एक स्तंभ पुसला गेला. सोमवारी रात्री सदोष आवृत्ती सर्व्हरवर गेली, मागची निर्दोष आवृत्ती दुसऱ्या क्रमांकावर सरकली. मंगळवारी नोंदवहीत नेहमीप्रमाणे भर पडली आणि रात्री नवी आवृत्ती गेली. दोनच आवृत्त्या ठेवावयाच्या असल्याने निर्दोष आवृत्तीचे आयुष्य तेथेच संपले. चूक शुक्रवारी लक्षात आली, तर परत आणण्यासारखे काही शिल्लक नाही. या संपूर्ण घटनाक्रमात यंत्राने एकही त्रुटी दाखवलेली नाही, कारण त्याने दिलेल्या आज्ञेचे तंतोतंत पालन केले आहे.

पुसलेल्या फाइलचेही तसेच. एप्रिलमध्ये नकळत पुसलेली फाइल लेखापरीक्षकांनी पुढच्या जानेवारीत मागितली, तर ६० दिवसांच्या नियमाने ती केव्हाच गेलेली असते. हा ६० आकडा कोणी ठरवला, असे विचारले असता सहसा समाधानकारक उत्तर मिळत नाही.

सारख्या दिसणाऱ्या दोन सूचना

धोरणसंचात बदल केल्यावर तो आधी पडताळून पाहावा लागतो आणि नंतर लागू करावा लागतो. पडताळणीच्या वेळी सर्व्हर काही इशारे देतो. त्यांतील एक इशारा या प्रणालीच्या जुन्या प्रशासकांना तोंडपाठ असतो. क्वचित लागणाऱ्या फाइली स्वस्त साठ्यात हलविण्याची एक सुविधा या प्रणालीत आहे. व्यवस्थापन वर्ग निर्माण करताना तिच्यासाठी साठ्याचे एक ठरावीक नाव आपोआप भरले जाते. असा साठा बहुतेक ठिकाणी निर्माणच केलेला नसतो, कारण ती सुविधा वापरात नसते. परिणामी, या नावाचा साठा अस्तित्वात नाही, असा इशारा प्रत्येक पडताळणीत प्रत्येक वर्गासाठी उमटतो. सुविधा वापरात नसेल तर तो निरुपद्रवी आहे.

दुसरा इशारा दिसायला अगदी याच जातीचा आहे. मूळ वर्गात बॅकअपचा कॉपी ग्रुप नाही. हा संच लागू केल्यास ज्या फाइलींना वेगळा वर्ग नेमून दिलेला नाही त्यांची प्रत घेतली जाणार नाही, असा त्याचा आशय. तिसराही एक आहे. सध्याच्या संचातील अमुक वर्ग नव्या संचात नाही. त्या वर्गातील फाइली मूळ वर्गाला जोडल्या जातील, असे तो सांगतो. दुसरा आणि तिसरा एकत्र आले तर काय होते ते पाहा. फाइली आपला वर्ग गमावून मूळ वर्गाकडे येतात. मूळ वर्गात त्यांच्यासाठी नियमच नसतो. मग त्यांच्या जुन्या आवृत्त्यांना क्षेत्राच्या पातळीवरची सवलतीची मुदत लागू होते आणि ती, कोणी बदलली नसल्यास, ३० दिवसांची असते. सात वर्षे जपावयाच्या म्हणून ठेवलेल्या आवृत्त्या महिन्याभरात निकाली निघू शकतात आणि नव्या प्रती घेणेही त्याच वेळी थांबलेले असते.

हे तिन्ही संदेश ‘इशारा’ याच श्रेणीत येतात आणि संच लागू करण्याची वाट अडवीत नाहीत. प्रस्तुत लेखकाला एका कार्यालयाच्या संगणकीय खरेदीचा आढावा घेताना महिनोन्‌महिने उमटत आलेल्या अशा इशाऱ्यांची यादी पाहावयास मिळाली. विचारणा केल्यावर संबंधितांनी शांतपणे सांगितले, “ते नेहमीचेच आहे, सर.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. यादीतील बहुतांश ओळी पहिल्या, निरुपद्रवी प्रकारच्या होत्या. पण त्या ओळींनी नजरेला जी सवय लावली होती, तिचा आधार घेऊनच उरलेल्या दोन-तीन ओळी निर्धास्त राहत होत्या.

म्हणून निरुपद्रवी इशाराही मिटवावा, हा या प्रकरणातील पहिला व्यवहार्य उपाय. तो अवघड नाही. त्या वर्गाच्या व्याख्येत अस्तित्वात असलेल्या, योग्य प्रकारच्या साठ्याचे नाव भरले की इशारा थांबतो. सुविधा बंदच असल्याने कोणतीही फाइल प्रत्यक्षात हलत नाही. खर्च शून्य, आणि यादी स्वच्छ. स्वच्छ यादीत नवी ओळ आली तर ती डोळ्यांत भरते.

दुरुस्ती केली, तरी त्रुटी परत का येते?

अनुभव असा की त्रुटी शोधली जाते, दुरुस्तही केली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. याचे सर्वांत सामान्य कारण प्रक्रियेत आहे. लागू असलेल्या संचात थेट बदल करता येत नाही. बदल मूळ संचात करावयाचा, तो पडताळावयाचा आणि पुन्हा लागू करावयाचा, अशी तीन पावले आहेत. पहिले पाऊल टाकून अनेक जण थांबतात. पडद्यावर नवी व्याख्या दिसते, पण सर्व्हर जुन्याच प्रतीनुसार काम करीत राहतो. विधेयक संमत झाले, पण ते अमलात येण्याची तारीख अधिसूचित झाली नाही, अशी ही अवस्था आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती अपरिचित नाही.

दुसरे कारण क्षेत्रांच्या संख्येत आहे. एखाद्या संस्थेत पाच-सहा धोरणक्षेत्रे असतात आणि त्यांतील बरीचशी पहिल्या क्षेत्राची नक्कल करून बनवलेली असतात. नकलेबरोबर दोषही येतो. दुरुस्ती एका क्षेत्रात होते, इशारा दुसऱ्यातून येत राहतो आणि ओळीतील क्षेत्राचे नाव न वाचल्याने तोच दोष परत आल्याचा भास होतो. तिसरे कारण साठ्याच्या फेररचनेत असते. जुनी टेप वा डिस्क निवृत्त करून नवा साठा उभारला जातो, पण कॉपी ग्रुपमध्ये जुन्या साठ्याचेच नाव राहते. खरेदी विभागाने नवे यंत्र आणले, नोंदणी शाखेला कळवले नाही, असा हा प्रकार. याशिवाय प्रत्येक यंत्रावर काय घ्यावे व काय वगळावे याची एक स्वतंत्र यादी असते. तिच्यात एखाद्या वर्गाचे नाव एका अक्षराने चुकले तरी सर्व्हर त्या फाइली मूळ वर्गात टाकतो. कोणी तरी जागा वाचविण्यासाठी ‘तात्पुरती’ वगळलेली निर्देशिका तेथे वर्षानुवर्षे वगळलेली राहू शकते.

तपासाचा क्रम यावरून निघतो. ओळ कोणत्या क्षेत्राची व कोणत्या संचाची आहे, हे आधी वाचावे. तो संच शेवटचा केव्हा लागू केला ती तारीख पाहावी आणि ज्या संचात दुरुस्ती केली त्याच्याशी लागू संचाची तुलना करावी. निम्मी प्रकरणे येथेच उलगडतात, असे म्हणावयास हरकत नाही. मूळ वर्ग कोणता आणि त्यात बॅकअपचा व अभिलेख-जतनाचा असे दोन्ही कॉपी ग्रुप आहेत काय, ते नंतर तपासावे. कॉपी ग्रुपमधील साठा खरोखर अस्तित्वात आहे काय, हा पुढचा प्रश्न. यंत्रावरील वगळणूक-यादी सर्वांत शेवटी, पण ती टाळू नये. आणि एवढे झाल्यावर एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून, उघडून पाहावी.

‘पूर्ण’ या शब्दाचे अर्थशास्त्र

शेवटचे पाऊल सहसा टाकले जात नाही. यामागे आळसापेक्षा प्रोत्साहनांची रचना अधिक कारणीभूत आहे. राखीव प्रत हा विम्याचा एक प्रकार आहे. हप्ता दरवर्षी दिसतो. लाभ दिसण्यासाठी आपत्ती यावी लागते. अर्थसंकल्पात कपात करावयाची झाली तर जिचा लाभ दिसत नाही अशी बाब आधी कापली जाते. शिवाय कार्यालय आणि कंत्राटदार यांच्यात माहितीची असमानता आहे. कार्यालयाला प्रतींची गुणवत्ता पाहता येत नाही, म्हणून ते मोजता येण्याजोगी गोष्ट मोजते, ती म्हणजे रात्रीची किती कामे ‘पूर्ण’ झाली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात दाखवून दिले होते की, एखाद्या सांख्यिकीय संबंधाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की तो संबंध कोलमडू लागतो. कंत्राटातील देयक ‘पूर्ण’ या शेऱ्याशी जोडले की त्या शेऱ्याचेही हेच होते. उपरोक्त प्रणालीत काही फाइली सुटून गेल्या असल्या तरी कामाची स्थिती ‘पूर्ण’ अशीच दिसते. शेजारच्या रकान्यातील निष्पत्ती-अंक तेवढा ० ऐवजी ४ असतो. देयकासोबतच्या अहवालात तो रकाना असेलच, याची खात्री नाही.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे, कारण कंपनीने तो स्वतःहून सविस्तर जाहीर केला. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील समजून मुख्य सर्व्हरवरील माहितीसंचाची निर्देशिका पुसण्यास सुरुवात केली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरली असताना त्याच्या लक्षात आले. राखीव प्रती शोधल्या, तेव्हा दूरच्या साठ्यातील जागा रिकामी निघाली. प्रत घेणारे साधन माहितीसंचापेक्षा जुन्या आवृत्तीचे होते, त्यामुळे ते दररोज अयशस्वी होत होते. अयशस्वी झाल्याची सूचना ई-मेलने पाठविलीही जात होती. परंतु त्या ई-मेलवर आवश्यक ती प्रमाणक खूण नसल्याने टपालप्रणाली त्या नाकारीत होती. इशारा रोज दिला जात होता आणि रोज वाटेतच अडवला जात होता. कंपनीला वाचवले ते एका कर्मचाऱ्याने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीने. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

भारतातील ठळक प्रसंग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्यात संस्थेच्या पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद करण्यात आली. ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती हल्ल्यातून बचावलेल्या राखीव सर्व्हरवरून परत मिळविण्यात आली, असे सरकारने संसदेत सांगितले. नोंदणी, भेटीची वेळ, दाखल करणे, घरी सोडणे ही बहुतेक कामे पूर्ववत होण्यास मात्र दोन आठवडे लागले आणि तोवर रुग्णालय कागद-पेनावर चालले. वर सांगितलेल्या दोन मापांच्या भाषेत बोलावयाचे तर पहिले माप सांभाळले गेले, दुसरे नाही. वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला रांगेत जाणवते ते दुसरे माप.

किती दिवस ठेवावे?

राखण्याची मुदत वाढवली की खर्च वाढतो, हे उघड आहे. किती वाढतो, हे एका सोप्या उदाहरणाने पाहू. समजा, कार्यालयाचा साठा १० टेराबाइट आहे आणि त्यातील २ टक्के भाग दररोज बदलतो. संक्षेपणाचा विचार बाजूला ठेवला, तर दररोज ०.२ टेराबाइट नवी भर पडते. सर्व बदल ३० दिवस ठेवल्यास मूळ प्रतीसह १६ टेराबाइट जागा लागेल. ३६५ दिवस ठेवल्यास ८३ टेराबाइट, म्हणजे पाचपटीहून अधिक. सरसकट एक वर्ष हा नियम महाग आणि सरसकट ३० दिवस हा नियम धोक्याचा. व्यवस्थापन वर्ग आहेत ते एवढ्यासाठीच. वेतनपट आणि परिपत्रकाचा कच्चा मसुदा यांना एकाच वर्गात टाकणारे कार्यालय दोन्हीकडून तोटा सोसते.

वर्ग पाडण्याचे काम मात्र संगणक कक्षाचे नाही, आणि येथे कायदा उपयोगी पडतो. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ केंद्र शासन, केंद्रशासित प्रदेशांची प्रशासने व केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांना लागू आहे. या कायद्यातील ‘सार्वजनिक अभिलेख’ या संज्ञेत संगणकाद्वारे निर्माण झालेल्या सामग्रीचाही समावेश आहे. विहित पद्धतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास मनाई असून उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. कोणत्या धारिका किती वर्षे जपावयाच्या, याच्या सूची खात्यांकडे असतात. त्या सूचीतील वर्षे आणि बॅकअप सर्व्हरमधील दिवस यांची सांगड घातलेली कार्यालये फार नसावीत. एक सावधगिरी येथे हवी. राखीव प्रत आणि जतन केलेला अभिलेख या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बिघाडातून सावरण्यासाठी असते, दुसरी पुराव्यासाठी. वर घेतलेल्या प्रणालीतही दोहोंसाठी स्वतंत्र कॉपी ग्रुप आहेत आणि अभिलेख-जतनाची मूळ मुदत ३६५ दिवस आहे. ज्या नोंदी दहा वर्षे जपणे बंधनकारक आहे त्यांच्याबाबत या मूळ मुदतीवर विसंबून राहणे म्हणजे नऊ वर्षांची तूट.

उलट दिशेचा दबावही आता निर्माण झाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती उपलब्ध राहावी म्हणून राखीव प्रती ठेवणे हा सुरक्षा उपायांचा भाग असल्याचे हे नियम सांगतात. त्याच वेळी, हेतू पूर्ण झाल्यावर आणि अन्य कायद्याने राखणे आवश्यक नसल्यास वैयक्तिक माहिती पुसून टाकण्याचे कर्तव्यही कायदा घालतो. मुख्य सर्व्हरवरून पुसलेली माहिती राखीव प्रतींत किती काळ राहू द्यावयाची, हा प्रश्न त्यामुळे धोरणकर्त्यांपुढे आहे. ‘सर्व काही, कायमचे’ हे उत्तर आता स्वीकारार्ह राहिलेले नाही आणि ‘कंपनीने दिले तेवढे’ हेही नाही. मुख्य परीक्षेत गोपनीयता व अभिलेख-जतन यांतील तणावावर लिहिताना विद्यार्थ्यांना हे उदाहरण वापरता येईल.

राहिला सरावाचा प्रश्न. परत आणून पाहण्याची सक्ती असलेले क्षेत्र म्हणून वित्तीय बाजारांकडे पाहावे लागते. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांनी विशेष सत्र घेतले. सकाळी ९.१५ ते १० या वेळेत व्यवहार मुख्य केंद्रावरून झाले. त्यानंतर यंत्रणा पर्यायी केंद्रावर हलविण्यात आली आणि ११.३० ते १२.३० या वेळेत खरेदी-विक्री तेथून चालली. पैसे खरे होते, गुंतवणूकदार खरे होते. १८ मे २०२४ रोजी, पुन्हा शनिवारीच, हीच चाचणी दुसऱ्यांदा घेण्यात आली. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असा शनिवार योजावयाचा झाल्यास एका रिकाम्या संगणकावर मागील महिन्यातील एका गावाच्या नोंदी परत उतरवून त्यांतील काही उतारे मूळ नोंदींशी ताडून पाहणे एवढे पुरेसे होईल. त्यास एक कर्मचारी आणि अर्धा दिवस लागतो.